कंट्रोलर माझा, मग तो कुठे जोडायचा हे कंपनीने का ठरवावं?

खटका

शनिवारी रात्री भाचा दोन मित्रांना घेऊन आला. कपाटातून चार वायरलेस कंट्रोलर निघाले, चारही चार्ज केलेले, चारही धडधाकट. आम्ही चौघं, पण खेळायला दोघंच बसू शकलो. उरलेल्या दोनपैकी एक आधीच्या पिढीतल्या कन्सोलचा (म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा), दुसरा वेगळ्याच कंपनीचा. बटणं दाबून दाबून कंटाळल्यावर एका पोराने तो दुसरा कंट्रोलर दोन मिनिटांत माझ्या फोनला जोडला आणि कोपऱ्यात बसून फोनवरचा गेम खेळत राहिला. समोर एवढा मोठा टीव्ही, आणि पोरगा फोनच्या पडद्यात डोळे घालून बसलेला. हे मला खूप लागलं.

म्हणजे कंट्रोलरमधला रेडिओ ठीक होता. ब्लूटूथ ठीक होतं. अडलं होतं ते फक्त कन्सोलने दार न उघडल्यामुळे.

हे फक्त माझ्या घरचं नाही. पीएस५वर (प्लेस्टेशन ५) पीएस४चे गेम लावले तर पीएस४चा जुना कंट्रोलर, डुअलशॉक ४, चालतो. त्याच मशीनवर पीएस५चा गेम लावला की चालत नाही. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये २०१६पासून ब्लूटूथ आहे, तो फोनला जोडता येतो, कॉम्प्युटरला जोडता येतो, पण एक्सबॉक्स कन्सोल स्वतः कुठलाच ब्लूटूथ कंट्रोलर घेत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक कन्सोलने साध्या ब्लूटूथ कंट्रोलरला निदान मूळ बटणांपुरतं तरी आत घ्यावं. कंपन नको, मोशन नको, खास ट्रिगर नकोत. दोन काठ्या आणि बटणं चालली तरी बस. यावर तुमची मतं ऐकायची आहेत, विरोधातली असली तरी.

शून्य उणे एक

विरोधातलं मत माझ्याकडून घ्या. पोराबद्दल वाईट वाटलं, पण "फक्त दार उघडलं नाही" हे अर्धंच खरं आहे.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातला वाय-फाय राउटर बहुधा तिथेच, वायरलेस माउस तिथेच, मायक्रोवेव्हची गळतीही तिथेच. या गर्दीतून वाट काढायला जुन्या धाटणीचं ब्लूटूथ, जे बरेच कंट्रोलर आजही वापरतात, ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं. एखादी उडी गोंगाटात पडली की तेवढी माहिती पुन्हा पाठवावी लागते. सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. सलग अनेकदा पुन्हा पाठवायची वेळ आली की उडी मारायचं बटण दाबलेलं असतं आणि पात्र खड्ड्यात गेलेलं असतं.

शिवाय एका मुख्य उपकरणाशी एका वेळी सातच उपकरणं सक्रिय राहू शकतात, आणि हवेतला वेळ त्यांच्यात वाटला जातो. निन्टेंडो स्विचवर सप्टेंबर २०२१मध्ये ब्लूटूथ हेडफोनची सोय आली. हेडफोन लावले की वायरलेस कंट्रोलर दोनच जोडता येतात. हा दुष्टपणा नाही, हवेत तेवढीच जागा आहे. एक्सबॉक्सने २०१३पासून स्वतःची वेगळी वायरलेस पद्धत ठेवली, त्यात आठ कंट्रोलर बसतात. कंट्रोलर आणि कन्सोल दोन्ही आपलेच असले की कोण कधी बोलणार याची वेळ घट्ट बांधता येते. सगळ्यांना आत घ्यायचं तर ही शिस्त सोडावी लागेल, आणि शिव्या खाणार कन्सोल.

भिंगरी

तुम्ही दोघं दार उघडायच्या गोष्टी करताय. आधी ज्यांचं दार उघडं आहे त्यांना तरी आत जाता येऊ दे.

माझा अनुभव सांगते. नवीन नाही, वापरलेला पण माझ्याच कन्सोलचा कंट्रोलर घेतला. केबल लावली, कंट्रोलरवरचा दिवा हळूहळू उजळायला-मावळायला लागला, म्हणजे चार्जिंग चालू. मधलं बटण दाबलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा दाबलं, कन्सोल बंद करून चालू केला, मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट केला. काही नाही. कंट्रोलर खराब निघाला म्हणून परत करायची तयारी केली. दोन दिवस यात गेले. शेवटी घरातल्या बाह्य हार्ड डिस्कची केबल काढून लावली, आणि एका सेकंदात जोडला.

पहिली केबल नुसती चार्जिंगची होती. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो म्हणून आपल्याला वाटतं केबल ठीक आहे. इथेच सगळे फसतात.

आणि पडद्यावर काय येतं? "कंट्रोलर जोडा." बस. सेटिंगमध्ये जाऊन नवा कंट्रोलर जोडायचा तर त्या सेटिंगपर्यंत जायला आधी एक चालू कंट्रोलर हवा. ज्याच्याकडे एकच आहे त्याने काय करायचं? या खाचेतून वीज जातेय पण माहिती येत नाहीये एवढं तर कन्सोलला कळायला हवं. मग "केबल बदलून बघा" ही ओळ दाखवायला कुठलं रेडिओचं गणित आड येतं?

खटका

भिंगरी, शंभर टक्के सहमत. हे मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

शून्य उणे एक, तुमचं रेडिओचं म्हणणं मला पटतं, पण ते माझ्या उदाहरणाला लागू पडत नाही. डुअलशॉक ४ त्याच पीएस५वर, त्याच खोलीत, त्याच हवेत पीएस४चा गेम व्यवस्थित खेळवतो. गेम बदलला म्हणून हवा बदलत नाही. तिथे अडवणारी गोष्ट धोरण आहे.

आणि नोव्हेंबर २०२३ आठवा. एक्सबॉक्सवर परवानगी नसलेल्या इतर कंपन्यांच्या कंट्रोलर-अ‍ॅडॅप्टरना (दुसरं उपकरण कन्सोलला जोडून देणाऱ्या डब्यांना) पडद्यावर सूचना देऊन बंद करण्यात आलं. आदल्या आठवड्यापर्यंत तीच उपकरणं चालत होती. त्यातली किती तरी वायरने जोडली जाणारी होती. वायरला कुठलं आलं २.४ गिगाहर्ट्झ?

दिवेलागण

या धाग्यावर लिहायचं की नाही यावर बराच विचार केला.

माझ्या बहिणीची उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. साधा कंट्रोलर तिला धरता येतो, पण उजवीकडचे ट्रिगर, म्हणजे मागची बोटांनी ओढायची बटणं, दाबता येत नाहीत. आम्ही एक मोठं बटण टेबलाच्या कडेला पट्ट्याने बांधलं, ते ती कोपराने दाबते, आणि ते एका अ‍ॅडॅप्टरमधून कन्सोलला जोडलं होतं. हे जुळवायला आम्हाला दीड महिना लागला. बटण किती उंचीवर हवं, किती जोरात दाबलं की लागायला हवं, कोपर दुखायला कधी लागतं, सगळं करून बघत बघत. मग एका अपडेटनंतर अ‍ॅडॅप्टर चालेना. खटका यांच्या भाच्याचा मित्र फोनवर तरी खेळला. तिच्यासाठी खेळच संपला.

तरी मी पूर्णपणे खटका यांच्या बाजूने नाही. बंद पद्धतीतूनही चांगल्या गोष्टी आल्या आहेत. २०१८चा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर बघा: मागच्या बाजूला ३.५ मिमीची १९ छिद्रं, प्रत्येकात वेगळं बटण किंवा पेडल खोचता येतं. त्याआधी २०१७मध्ये कोपायलट आलं, त्यात दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू होतो. बहीण डावा हात सांभाळते, मी उजवा. गाडी तिची, ब्रेक माझा. कन्सोल आणि कंट्रोलर एकाच घरचे असल्याशिवाय हे इतकं सफाईदार झालं नसतं असं मला वाटतं.

मला हवी आहे ती एकच हमी: आज जे जोडलं जातंय ते उद्या सकाळी तोडलं जाणार नाही. नवीन काही आत घ्या किंवा घेऊ नका, पण जे आत आलंय त्याला बाहेर काढू नका.

शून्य उणे एक

दिवेलागण, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. वायरवाल्या अ‍ॅडॅप्टरबद्दल माझं म्हणणं मी मागे घेतो, तिथे रेडिओचं कारण लागू होत नाही. डुअलशॉकच्या बाबतीतही खटका बरोबर आहेत.

पण एक गोष्ट सोडता येत नाही. अशा अ‍ॅडॅप्टरमधून माउस आणि कीबोर्ड कंट्रोलर असल्याचं भासवून जोडले जातात. काहींमध्ये गेममधल्या बंदुकीचा झटका आपोआप सावरणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) चालवता येते. समोरचा अंगठ्याने नेम धरतोय आणि याचा नेम यंत्र धरतंय. मी ऑनलाइन स्पर्धेचे गेम खूप खेळतो, आणि अशा माणसासमोर हरल्यावर जो वैताग येतो तो खरा आहे. कन्सोलने ओळखपत्र मागायचं सोडलं तर या लोकांना मोकळं रान मिळेल.

म्हणून माझी सीमारेषा अशी: घरात, एका सोफ्यावर बसून खेळायच्या गेममध्ये काहीही जोडू द्या. ऑनलाइन स्पर्धेत ओळख पटलेलीच उपकरणं चालावीत.

दिवेलागण

बहीणही ऑनलाइनच खेळते. तिच्या मैत्रिणी तिथेच आहेत.

तिसरा डाव

तुम्ही सगळे हुशार आहात, पण मला वाटतं वायरलेसच्या नादात एक साधी गोष्ट हरवली: जोडणी डोळ्यांना दिसायची. पहिल्या खाचेत वायर खोचली की तो पहिला खेळाडू. भांडण झालं तरी बोट ठेवून दाखवता यायचं.

सुरुवातीच्या चांगल्या वायरलेस कंट्रोलरनीही हे जपलं होतं. निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलचा २००२चा वेव्हबर्ड. कंट्रोलरवर एक छोटं चाक, कन्सोलमध्ये खोचायच्या रिसीव्हरवर तसंच चाक, दोन्हीवर १ ते १६पैकी एकच आकडा लावायचा. झाली जोडणी. मेनू नाही, लुकलुकणारा दिवा नाही. कंपन नव्हतं त्यात, हे कबूल. पण सहा वर्षांच्या मुलीला मी ते एकदा दाखवलं, नंतर तीच पाहुण्यांना लावून द्यायची. निन्टेंडोच्याच २००६च्या वी (Wii) कन्सोलमध्ये जोडणीचं लाल बटण आलं, पण ते रिमोटच्या बॅटरीच्या झाकणाखाली आणि कन्सोलवर मेमरी कार्डच्या दारामागे. तिथून लपवालपवी सुरू झाली. आज दोन बटणं एकत्र किती वेळ धरायची हे पाठ असावं लागतं.

माझं मत: वायर परत आणा, किंवा निदान केबल लावली की सगळं वायरवरून चालेल एवढं करा.

भिंगरी

तिसरा डाव, तेवढंही होत नाही. केबल लावली म्हणजे कंट्रोलर वायरवरून बोलायला लागला असं नसतं. स्विचच्या प्रो कंट्रोलरसाठी वायरने संपर्काची सेटिंग वेगळी चालू करावी लागते. नाही केली तर केबल फक्त चार्ज करते आणि बटणांची माहिती हवेतूनच जाते. पीएस५वरही केबल की ब्लूटूथ हे सेटिंगमध्ये निवडता येतं. एक्सबॉक्स ३६०च्या चार्जिंगच्या केबलमधून तर बटणांची माहिती जायचीच नाही. वायर लावूनही लॅग (बटण दाबल्यावर होणारा उशीर) जात नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासा.

आणि लॅगचा सगळा दोष कंट्रोलरवर टाकू नका. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर चित्र सजवण्यात टीव्हीच जास्त वेळ खातो. माझ्याकडे कंट्रोलर मध्येच तुटायचा, ते कशामुळे सापडलं सांगते: कन्सोलला लावलेली यूएसबी ३ची हार्ड डिस्क. यूएसबी ३च्या केबल-जोडांमधून २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट सांडतो, इंटेलने २०१२मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. डिस्क लांब केबलने अर्धा मीटर बाजूला ठेवली, त्रास थांबला. कन्सोल बंद लाकडी कपाटात असेल तर तोही बाहेर काढून बघा.

शून्य उणे एक

हार्ड डिस्कचं बरोबर आहे. त्यात माणसाचं शरीर विसरू नका. आपल्या अंगातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं. कंट्रोलर आणि कन्सोलच्या मध्ये कोणी जमिनीवर बसलं की संपर्क खराब होतो.

खटका

एक गोष्ट सांगायची राहिली. सप्टेंबर २०२५मध्ये पीएस५च्या अपडेटने एकच डुअलसेन्स (पीएस५चा कंट्रोलर) एकदा पेअर केला की चार उपकरणांना लक्षात ठेवू लागला. पीएस बटणासोबत आकृत्यांच्या चार बटणांपैकी एक धरायचं, की कन्सोलवरून कॉम्प्युटरवर, तिथून फोनवर. आधी प्रत्येक वेळी नव्याने पेअर करावं लागायचं. कंट्रोलर तोच, रेडिओ तोच, सॉफ्टवेअर बदललं एवढंच. म्हणून "जमत नाही" हे मला मान्य नाही.

शून्य उणे एक

पण खटका, त्या चार उपकरणांत दुसऱ्या कंपनीचा कन्सोल कुठे आहे? कंट्रोलर बाहेर जायला मोकळा झाला. कन्सोलचं दार आतून तसंच बंद आहे.

खटका

तेच तर पहिल्या दिवसापासून म्हणतोय. निदान आता आपण एकाच दाराबद्दल बोलतोय.

दिवेलागण, माझ्याकडे वायरवाली दोन अ‍ॅडॅप्टर पडून आहेत. तुमचं कन्सोलचं मॉडेल आणि बटणाच्या पिनची जाडी व्यक्तिगत निरोपात कळवा. आधी इथे लावून बघतो, चालली तर पाठवतो.

दिवेलागण

पिन ३.५ मिमीची आहे. बाकीचं निरोपात लिहिते.