तीन कादंबऱ्या, धागा एकच, आणि तो दुसरीतच लोंबकळतोय. काय करू?

तांबटआळीचा
नमस्कार मंडळी, जरा लांबडं होणारे, सांभाळून घ्या. माझी पहिली कादंबरी दोन वर्षांपूर्वी आली, ३०० प्रती, त्यातल्या ४० अजून माळ्यावर आहेत ते सोडा. गोष्ट जुन्या नाशकातल्या एका तांबटाच्या वाड्याची. २००३ च्या सिंहस्थात घरातला थोरला, वय १९, पर्वणीला गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) गेला तो परत आलाच नाही. दुसरं पुस्तक २०१५ च्या सिंहस्थात, तिसरं येत्या २०२७ च्या, म्हणजे बारा बारा वर्षांच्या उड्या आणि तिन्हींतून एकच धागा की तो गेला कुठे. ठरवताना भारी वाटलं होतं. आता दुसरीची १४० पानं झालीत आणि उत्तर तिसरीसाठी राखून ठेवल्यामुळे दुसरीत काही सांगताच येईना, मग धाकटी बहीण आपली मधून मधून त्याची आठवण काढते. बायकोला वाचायला दिलं तर म्हणाली, "ही बाई दर वीस पानांनी कपाटातला तोच फोटो काढून बघते, एकदाचा फ्रेम करून भिंतीला लावा म्हणावं." लागलं, पण खरंय. कुणी मालिका लिहिली असेल किंवा नुसती भरपूर वाचली असेल तरी सांगा, एवढा धागा ताणायचा कसा?

रात्रपाळी
ताणायचाच नाही, तिथंच घोळ आहे. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या, माणूस तोच आणि भानगड दर वेळी नवी, कुठलंही पुस्तक उचला आणि वाचा, धाग्याची कटकटच नाही. नेमाड्यांचा चांगदेव एकदम उलटा. बिढार ते झूल, १९७५ ते ७९ मध्ये चार कादंबऱ्या, रहस्य वगैरे शून्य, तो गाव सोडतो नोकरी सोडतो आणि आपण त्याच्या मागं मागं पुढचं पुस्तक उचलतो कारण आता हा कसला होणार ते बघायचं असतं. तुमचं मधेच अडकलंय, प्रश्न राखलाय आणि माणसंही जागची हलत नाहीत. मी असतो तर अर्धं उत्तर दुसरीतच देऊन मोकळा झालो असतो. समजा कळलं की तो हरवला नव्हता, आपल्या पायानं गेला. झालं, तिसरीचा प्रश्नच बदलला, का गेला आणि घरात हे कुणाला आधीपासून ठाऊक होतं.

आणि वही घाला, खरंच. पात्राचं नाव, साल, आणि त्या साली त्याला काय काय माहितीय. वयं राहू द्या, ती चुकली तर प्रूफवाला पकडतो, कुणाला काय माहितीय हे कुणी पकडत नाही. वॉटसनच्या गोळीचं माहितीय ना, १८८७ च्या पहिल्या होम्सकथेत ती खांद्याला लागलेली, १८९० च्या दुसरीत पाय दुखतोय. डॉयलचं लोकांनी चालवून घेतलं, आपलं कोण घेणार.

काउंटरवाली
मी वाचनालयात काउंटरला बसते त्यामुळे एक सांगू का, लोक पहिला भाग पहिल्यांदा वाचतात हा लेखकांचा गैरसमज आहे. पहिला भाग कुणीतरी काका घेऊन गेलेले असतात आणि ते तीन महिने फिरकत नाहीत, मग मी दुसराच देते. म्हणून दुसरीला स्वतःचा शेवट हवाच, नाहीतर वाचक पुस्तक परत देताना माझ्याकडं असं बघतो की जणू मीच पानं फाडलीत. मागची हकीकत सांगायला सुरुवातीची दहा पानं घालवू नका प्लीज. भांडण लावून द्या. पितृपक्षात थोरल्याचं पान वाढायचं की नाही यावरून आई आणि काकू तुटून पडल्या तर दोन पानांत सगळं कळतं, तो कोण, कधीपासून नाही, आणि घरात कुणाला काय वाटतं.

तारीख पे तारीख
वकिली करतो म्हणून तोंड घालतो. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १०८ बघा, ज्यांना खबर लागायला हवी अशा लोकांना सात वर्षं माणसाची खबरच नसेल तर तो जिवंत आहे हे, जो तसं म्हणतो त्यानं सिद्ध करायचं. २००३ अधिक सात, २०१०. म्हणजे तुमच्या २०१५ मध्ये ही वेळ टळून गेलीय. आता वडील वारले असं धरा, प्रॉपर्टी कार्डाला वारस लागणार, त्यात हाही आला, आणि वाडा घ्यायला आलेला बिल्डर म्हणणार सगळ्यांच्या सह्या आणा. नसलेल्या माणसाची सही कुठून आणता? मग दिवाणी दावा, आणि घरातल्या कुणीतरी शपथेवर सांगायचं की आम्हाला त्याची काहीही खबर नाही. वर रात्रपाळी म्हणतायत तसं कुणाला ठाऊक असेल तर त्याची ही उलटतपासणी लिहा. तो कुठे गेला हे विचारायची गरजच नाही, त्याला मेलेला कोण म्हणणार एवढ्यावर तुमचं अख्खं दुसरं पुस्तक चालेल.

दगडी घाट
मी पहिली वाचलीय (हो, तेवढ्यांपैकी एक). उत्तर अर्धवट फोडायला माझा विरोध, पण असो. नाशिककर असून तुम्हाला गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, तो उंच पुतळा, आठवला नाही याचं नवल वाटतं. पूर आला की धरणातून किती क्युसेक सोडले ते पेपरवाले सांगतात, आपण विचारतो मारुतीच्या कुठवर आलं. २०१९ ला पार डोक्यावरून गेलं तेव्हा आकडा कुणाच्या लक्षात नाही, मारुती दिसेना एवढंच आठवतं. तसं काहीतरी तिन्ही पुस्तकांत एका जागी रोवून ठेवा. तुमच्याकडं आहे की, त्या पोरानं अर्धंच मठारून ठेवलेलं घंगाळ! एका बाजूला ठोके, एक बाजू कोरी. २००३ ला आई कुणाला हात लावू देत नाही, २०१५ ला त्यात काकूनं कपडे भिजत घातलेत, २०२७ ला ते भंगारवाल्याच्या काट्यावर. फोटोकडं सगळे सारखंच बघतात म्हणून तुमच्या मिसेसला कंटाळा आला.

तांबटआळीचा
दोन दिवस गप्प होतो कारण वही घालत बसलो होतो. घंगाळ घेतलं, पितृपक्षाचं पान घेतलं. वकीलसाहेब, शपथेवर खोटं आई बोलणार हे कालच रात्री ठरलं, आणि गंमत म्हणजे पहिल्या भागात पान ८८ वर ती पोस्टमनकडून एक पाकीट घेते, तेव्हा मी ते उगाच दुपारचा वाडा रंगवायला लिहिलं होतं, मनात काही नव्हतं. आता तेच पाकीट त्याचं निघालं तर? भीती एकच, तिनं ते तिथंच सगळ्यांसमोर फोडून वाचलं असं लिहून बसलोय की काय, आणि आता छापून झालंय. माझी प्रत मित्राकडं आहे.

काउंटरवाली
आमच्याकडं आहे, दोनदाच गेलीय त्यामुळे जागेवरच सापडली. पान ८८: पाकीट घेतलं, पदराआड धरलं, आणि दाराला कडी घातली. फोडल्याचं काही नाही.

तांबटआळीचा
सुटलो.