बीजिंग नाहीतर बोजवारा? (उन्हाळी चिनी वर्गांसाठी शहर कोणतं)

काडीमास्तर
कालच्या धाग्यात एका सदस्याने ठोकून दिलं : "सहा-आठ आठवडे चिनी शिकायला जायचं तर बीजिंगच. बाकी शहरांत उच्चार कायमचे बिघडतात." प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

प्रमाण चिनी बीजिंगच्या उच्चारांवर बेतली आहे, कबूल. पण बीजिंगच्या रस्त्यावरची बोली म्हणजे प्रमाण चिनी नव्हे. तिथला टॅक्सीवाला शब्दाच्या शेवटी जिभेची वळकटी करून 'र' चिकटवतो आणि त्यात आधीचा 'न' गिळतो. 'थोडंसं' या अर्थाचं पुस्तकातलं 'यी-तिएन' त्याच्या तोंडी 'यी-त्यार' होतं. नवशिक्याला हा तोच शब्द आहे हे कळतच नाही. त्यात विद्यार्थ्यांचा अड्डा वूदाओखौचा. चिनीत कॉफी मागा, उत्तर इंग्रजीत येतं.

माझं मत ईशान्य चीनमधल्या हार्बिनला. बोली प्रमाणाच्या जवळची, इंग्रजीवाले कमी, हवा बीजिंगपेक्षा थंड. अडचणी दोन. अख्ख्या चीनला घड्याळ एकच, त्यामुळे या पूर्वेच्या टोकाला जुलैत पहाटे चारच्या सुमारास लख्ख उजाडतं. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. आणि शाकाहारी असाल तर नुसतं 'वो छ्र् सू' (मी शाकाहारी खातो) म्हणून भागत नाही. वांगं-बटाटा-मिरचीच्या भाजीतही डुकराची चरबी असू शकते. कशात परतलंय ते वेगळं विचारायचं.

दुसरी घंटा
तो "सदस्य" मीच, नाव घ्यायला लाजू नका.

शिक्षकांना प्रमाण उच्चारांची परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे वर्गात कानावर पडणारी चिनी सगळीकडे साधारण सारखीच. फरक पडतो तो वर्गांच्या पातळ्यांमुळे. बीजिंगचं भाषा आणि संस्कृती विद्यापीठ 1962 पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिकवतंय. अशा मोठ्या ठिकाणी पातळ्या भरपूर, चाचणीत चुकीच्या वर्गात पडलात तर पहिल्या आठवड्यात वर-खाली सरकता येतं. लहान शहरात उन्हाळ्याला नोंदणी कमी झाली की दोन पातळ्या एकत्र कोंबतात. मग तुम्ही सहा आठवडे गेल्या वर्षीचे धडे घोकत बसा.

आणि "ईशान्य म्हणजे शुद्ध" हे कुणी शिकवलं? दालियन ईशान्येतच आहे. तिथल्या बोलीला कालवांचा वास येतो असं चिनी लोकच म्हणतात.

काडीमास्तर
मी हार्बिन लिहिलं. दालियन तुम्ही आणलंत. कालवं तुम्हालाच लखलाभ.

खडीसाखर
दोघेही चीनच्या बाहेर बघायला तयार नाहीत, गंमत आहे. तैवानात तैपेईच्या नॉर्मल (म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या) विद्यापीठाचं भाषाकेंद्र 1956 चं. साधा वर्ग रोज दोन तास, सघन वर्ग तीन तास. शाकाहारी खानावळीत ताट वजनावर, आणि बौद्ध पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही नाही. शिवाय तिथली 37 ध्वनिचिन्हं आधी शिकलात की चिनी उच्चार इंग्रजीसारखे वाचायचा, रोमन अक्षरांचा सापळा टळतो.

तोटे सांगून टाकते : लिपी पारंपरिक, चीनमधली सोपी केलेली नव्हे, जुलै ते सप्टेंबर वादळं, वादळाची सुट्टी सरकार आयत्या वेळी जाहीर करतं. काही शब्दही वेगळे. 'थूतोउ' म्हणजे चीनमध्ये बटाटा, तैवानात शेंगदाणे.

काडीमास्तर
आणि 'स' व 'ष' यांतला फरक रस्त्यावर अर्धा पुसलेला, ते राहिलं. एचएसके, म्हणजे चीनची चिनी भाषेची परीक्षा, द्यायची असेल तर पारंपरिक लिपीचा उपयोग काय? रोमनच्या सापळ्याचं म्हणाल तर मराठी माणसाला तो लागतच नाही. आपल्याकडे च दोन आहेत.

बिंदुगामी
थांबा मास्तर. दोन च आहेत म्हणून फुशारकी नको. पिनयिनमधला (म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या चिनीतला) 'झेड' म्हणजे चाकातला च, बरोबर. 'जे' साधारण चहातला, 'क्यू' छत्रीतला छ. पण 'सी'? चाकातल्या चला हकार जोडा. हा वर्ण मराठीत नाहीच. म्हणून 'सी'ने सुरू होणारा 'भाजी'चा शब्द म्हणायला जातात आणि 'झेड'चा 'पुन्हा' म्हणून बसतात. चिनीच्या चार सुरांपैकी दोन्हींचा सूर चौथाच, वाचवायला काही नाही.

'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे फ. तोही ओठ मिटून. हल्ली मराठीत फ दातांवरून सुटतो, मग 'फाङ्', म्हणजे लठ्ठ, हा शब्द 'ठेव' असा ऐकू जातो. आणि 'एसएच' म्हणजे ष. षटकोनातला ष शेवटचा कधी उच्चारलात?

दुसरी घंटा
+1. यालाच मी उच्चार बिघडणं म्हणते.

खडीसाखर
बिघडणं कसलं? हे सगळं इथून जाण्याआधीच बिघडलेलं आहे. बीजिंगला जाऊन ष येत नसतो.

काडीमास्तर
माझा ष व्यवस्थित आहे.

बिंदुगामी
लिहिताना सगळ्यांचाच असतो.

काडीमास्तर
विषय शहराचा आहे. व्याकरणाची शिकवणी दुसरीकडे घ्या.

बिंदुगामी
विषय तुम्ही काढलात. शहर कोणतंही घ्या, तोंडासमोर तळहात धरून 'झेड' आणि 'सी' म्हणा. दुसऱ्याला हाताला वारा लागला नाही तर हार्बिनवालाही भाजी आणणार नाही.

मधली आळी
तुमचं च-छ चालू द्या. कामाचं कुणीच लिहीत नाही.

आपली सुट्टी एप्रिल-मे, तिकडचे उन्हाळी वर्ग जुलै-ऑगस्ट. तेव्हा इथली कॉलेजं सुरू झालेली असतात. हजेरीचं आधी बघा, शहर मग ठरवा.

180 दिवसांपर्यंतच्या शिक्षणाला एक्स-2 व्हिसा, त्याला विद्यापीठाचं प्रवेशपत्र लागतं. हा व्हिसा बहुतेक वेळा एकाच प्रवेशाचा असतो. शनिवार-रविवार हाँगकाँगला गेलात तर ते चीनबाहेर जाणं धरतात आणि परतीचं दार बंद. वसतिगृहाऐवजी खोली घेतलीत तर 24 तासांत पोलीस चौकीत नोंद.

अलीपे आणि वीचॅट या पैसे चुकते करायच्या ॲपना कार्ड इथूनच जोडून घ्या. पडताळणीचा संदेश भारतीय नंबरवर येतो, म्हणून रोमिंग चालू ठेवा. त्याच रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सॲपही चालतं. वसतिगृहाच्या वायफायवर चालत नाही.

खडीसाखर
हाँगकाँगचं महत्त्वाचं. तैवानचंही लिहिलं असतं, पण लगेच "विषय सोडून" म्हणतील.

दुसरी घंटा
बरं, हार्बिनला जा. पण पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा : गेल्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती पातळ्या चालल्या, आणि एका वर्गात किती जण होते. उत्तरात "पुरेशी नोंदणी झाल्यास" असं आलं तर समजून घ्या.

काडीमास्तर
म्हणजे हार्बिनच. आभारी आहे.

दुसरी घंटा
ईमेलचं उत्तर आल्यावर आभार माना.