इंजिन तापल्यावर गिअर अडतो, न्यूट्रल लागत नाही

प्रश्न
नमस्कार. माझी १५० सीसीची मोटारसायकल सकाळी थंड असताना व्यवस्थित चालते. मात्र गर्दीतून जाऊन इंजिन तापले, की दुसरा गिअर टाकताना पायाला जोर लावावा लागतो आणि सिग्नलला काही केल्या न्यूट्रल लागत नाही. इंजिन बंद केले, की लगेच लागते. मेकॅनिक गिअरबॉक्स उघडायला सांगत आहेत. त्याआधी काय तपासावे?

उत्तर १
इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल सहज लागते, ही तुम्ही दिलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. गिअर जागेवर सरकवणारा फोर्क वाकला असता, तर इंजिन बंद असतानाही बहुधा अडचण आली असती. त्यामुळे लिव्हर दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसावा, त्याच्या प्लेटा एकमेकींना ओढत राहत असाव्यात आणि त्या ताणामुळे गुंतलेले गिअर सुटत नसावेत, असे मला वाटते. गाडी मेन स्टँडवर घेऊन पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि मागचा ब्रेक हलकेच लावा. चाक थोडे फिरणे स्वाभाविक आहे, पण ते थांबताना इंजिन दबू लागले, तर दोष क्लचकडेच आहे. चाकाजवळ हात नेऊ नका.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. आधी क्लचची केबल पाहा. लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल (केबल ताणली जाण्याआधी लिव्हर जेवढा सैल हलतो तेवढे अंतर) बहुतेक गाड्यांत साधारण १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. चाल जास्त असेल, तर क्लच अर्धवटच सुटतो. लिव्हरमधून केबलचे टोक काढून बघा: तिथल्या एक-दोन तारा तुटून फुलल्या असतील, तर ॲडजस्ट करत बसू नका, केबलच बदला. मात्र चाल अजिबात न ठेवता केबल ताणून बसवली, तर क्लच घसरून प्लेटा जळतात.

उत्तर ३
केबल ठीक निघाली, तर इंजिन ऑइल किती जुने आहे आणि पुस्तिकेतल्या ग्रेडचेच आहे का, हे पाहावे. त्यानंतरच क्लचचे कव्हर उघडावे. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवल्या, की वाकलेली प्लेट लगेच डुगडुगते. प्लेटा ज्या बास्केटमध्ये बसतात, तिच्या खाचांच्या कडांवरून नख फिरवून पाहा. तिथे खड्डे पडले असतील, तर नव्या प्लेटाही अडकतच राहतील. बहुतेक गाड्यांत हे सारे काम बाजूचे कव्हर काढून होते, तर गिअरबॉक्ससाठी संपूर्ण इंजिन उतरवून फोडावे लागते. म्हणून मेकॅनिकना आधी क्लच तपासण्याची विनंती करा.