वर्षभराच्या मसाल्यातून खोबरं काढून टाकू का?

प्रश्न (तासगाव):
माहेर माझं गुहागरकडचं. तिथं रोज ओला नारळ फुटायचा. इथं सासरी सुक्या खोबऱ्याच्या वाटीशी गाठ पडली. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी खोबरं कमी करायला सांगितलंय. आणि नेमकं आता कांदा-लसूण मसाला डंकावर कुटायला न्यायचाय. आमच्यात एक किलो मिरचीला पाव किलो खोबरं. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणतात, खोबऱ्याबिगर मसाल्याला अंग येत नाही. त्यात गेल्या वर्षीचा मसाला गणपतीपर्यंतच खवट झाला. बरणी उघडली की जुन्या तेलाचा वास. खोबरं काढूनच टाकू का?

उत्तर (सातारा):
अजिबात काढू नका. मसाला खवटतो तो बहुधा ओलीनं, नाहीतर आधीच खवटलेल्या खोबऱ्यानं. वाटी घेतानाच एक तुकडा मोडून चावून बघा, जिभेला जरा जरी कडवट लागला तर दुकानातच ठेवा. आतून काळी-हिरवी बुरशी दिसली तरी नको. किसून मंद आचेवर तांबूस होईस्तोवर भाजा. गार झालेला कीस बोटात चुरला की कुरकुर वाजला पाहिजे. कांदाही तसाच, वाळवून मग तळलेला. कांदा मऊ राहिला तर खोबऱ्याचा काय दोष? डंकावरून आणलेला मसाला गरम असतो, तो लगेच बरणीत दाबला तर आत घाम धरतो. रात्रभर परातीत पसरून ठेवा, मग हिंगाचे खडे घालून भरा.

उत्तर (मिरज, आहारतज्ज्ञ):
खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतं, पण संपृक्त चरबी भरपूर असते आणि तिनं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. १०० ग्रॅम सुक्या खोबऱ्यात साधारण ६५ ग्रॅम चरबी, त्यातली ५७ ग्रॅमच्या आसपास संपृक्त. तंतुमय भागही सुमारे १६ ग्रॅम असतो, म्हणून ते टाकाऊ नाही. मात्र मसाल्याआधी वाटणाचा हिशोब करा. रोजच्या कालवणाला किती खोबरं भाजता?

प्रश्नकर्ती:
हे डोक्यातच आलं नव्हतं! आज वजनकाटा घेऊन मोजलं. मसाला एकूण सव्वादोन किलो होतो. आमटीत दोन चमचे पडतात, म्हणजे खोबरं दीड ग्रॅमही नाही. आणि वाटणाला अर्धी वाटी घेते ती भरली ४० ग्रॅम! पाच माणसांत म्हटलं तरी ताटात आठ ग्रॅम, आणि तेही दोन्ही वेळा.

उत्तर (मिरज, आहारतज्ज्ञ):
मग मसाला आत्यांच्या प्रमाणानं होऊ द्या. वाटणात खोबऱ्याऐवजी भाजलेले तीळ नाहीतर दाण्याचं कूट घाला, त्यातली चरबी बहुतेक असंपृक्त. तेही बेतानंच.

प्रश्नकर्ती:
रात्री तिळाचं वाटण घालून अख्खा मसूर केला. मामांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. आत्यांनी रस्सा चाखून एवढंच विचारलं, "खोबरं संपलं व्हय?" उद्या त्यांनाच घेऊन वाट्या निवडायला बाजारात जाते.