तुमचं कुत्रं तुमच्याशी नजरेने काय बोलतं?

पाऊसवेडी
भाचीची कुत्री सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहे. काल तिचा चेंडू कपाटाखाली गेला. आधी पंजा घालून बघितला, मग नाक खुपसलं, मग मागे सरकून बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम हलले नाही. तर नजर माझ्याकडून कपाटाखालच्या फटीकडे, फटीकडून परत माझ्याकडे. तोंडातून चकार शब्द नाही.

आणि एकदम आमचा मोत्या आठवला. आजोबांना ऐकू येईनासं झालं, तसा मोत्या त्यांच्यापुरता भुंकायचा थांबला. आम्ही घरात असलो आणि दारात कोणी आलं की घर डोक्यावर घ्यायचा. पण आजोबा एकटे असले की त्यांच्या गुडघ्याला नाक लावायचा. त्यांनी मान वर केली की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा, मग दाराकडे, मग परत तोंडाकडे. ते उठेपर्यंत हेच. कोणी शिकवलं नव्हतं. आजोबा म्हणायचे, "आला बघा माझा निरोप्या."

तुमच्याकडेही असं काही असणारच. लिहा ना. लहानसं असलं तरी चालेल.

चिंगीची आई
आवडता विषय! चिंगीचं पाणी संपलं की ती भांड्यापाशी उभी राहते आणि मान वळवून बघते. आपण फोनमध्ये असलो तर नाकातून एक मोठा श्वास सोडते, फुस्स. तरी लक्ष गेलं नाही तर भांड्यावर पंजा. टण्ण! क्रम ठरलेला, कधी चुकत नाही. धाकटा उठला, नंतर येते.

दुर्बीण
पाऊसवेडी, तुम्ही जे बघितलंत त्यावर प्रयोग झालेले आहेत. बुडापेस्टच्या अ‍ॅडम मिक्लोशी यांच्या गटाने २००३ मध्ये पाळीव कुत्री आणि माणसांनी हातावर वाढवलेले लांडगे घेतले. दोघांना आधी खाणं कसं मिळवायचं ते शिकू दिलं आणि मग ते मिळूच नये अशी सोय केली. कुत्री थोडी खटपट करून माणसाच्या तोंडाकडे बघायला लागली. लांडगे झटत राहिले. माणसांत वाढलेले असूनही त्यांनी मागे वळून फारसं बघितलं नाही.

रानवाट
म्हणजे लांडगा चिकाटीचा आणि कुत्र्याला सगळं आयतं हवं :)

दुर्बीण
चिकाटीचा आहेच लांडगा. पण समोर हातपाय असलेला माणूस बसलाय, तर त्याला सांगणं हाही रस्ताच की. मला तरी त्यात कुत्र्याची समजच दिसते.

चिंगीची आई
दुर्बीण +१. ज्याला दार उघडता येतं त्यालाच सांगणार ना!

नीलमोहर
आमची टिपरी जन्मापासून बहिरी आहे, त्यामुळे आमचा सगळा संसारच नजरेवर. फिरायला गेलो की दर थोड्या अंतरावर ती थांबून मागे वळून बघते. मी अंगठा वर केला की पुढे, तळहात दाखवला की तिथेच बसते. ती बघते तेव्हा आपणही तिच्याकडे बघत असायलाच हवं, हे मी फार मनापासून सांगते. चालताना मी फोन बाहेर काढतच नाही. तिने वळून बघितलं आणि मी दुसरीकडे बघत असले तर ती हलत नाही, कान मागे घेऊन तशीच उभी राहते. मी बघितलं की कान पुढे, शेपूट वर, निघाली.

सदाफुली
किती गोड आहे टिपरी. फोटो टाका ना.

कोरा कागद
आमचा बंड्या काही फाडलं की दारातच मान खाली घालून डोळे वर करतो. घरात पाऊल टाकायच्या आधी समजतं आज काहीतरी झालंय. त्याला अपराधी वाटतं, यात मला तरी शंका नाही.

दुर्बीण
कोरा कागद, यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचं २००९ चं काम आहे. कुत्र्याने खाऊ खाल्लाय की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो 'अपराधी' चेहरा रागावण्यावर अवलंबून निघाला, कुत्र्याने काय केलं यावर नाही. उलट काहीच न केलेल्यांना ओरडा बसला तेव्हा तो जास्त ठळक होता.

कोरा कागद
पण बंड्या मी रागवायच्या आधीच करतो, त्याचं काय?

चिमणचारा
कदाचित जमिनीवर चिंध्या आणि दारात माणूस हे दोन्ही एकत्र आलं की पुढे काय होतं, ते त्याला पाठ झालं असेल. तो "रागावू नका" म्हणतोय. तेही बोलणंच आहे, आणि मला तर ते जास्त भिडतं.

कोरा कागद
हे पटलं. आज बंड्याला जवळ घेतलं.

रानवाट
आमच्या फाटकाशी एक भटका बसतो. कोणाचा नाही, जवळ येत नाही, हात लावू देत नाही. मी खाणं ठेवून लांब गेलो तरी त्याला दिसत नसेल तर मी बोट दाखवतो. तो बोटाकडे बघतो, मग बोटाच्या दिशेने बघतो आणि बरोबर तिथे जातो. याला कोणी शिकवलं?

दुर्बीण
भटक्या कुत्र्यांनाही बोटाची खूण कळते, हे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तपासलंय. आणि २०२१ मध्ये ३७५ पिल्लांवर काम झालं. जेमतेम आठ आठवड्यांची पिल्लं, माणसांशी फारसा एकट्याने संबंध आलेला नाही, तरी बोट दाखवलेलं भांडं ओळखत होती. बरंचसं रक्तातूनच येतं म्हणायचं.

टिकली
पिल्लांचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमचं पिल्लू दिसेल ते चावतं. हात, पायजमा, टेबलाचा पाय. काय करू???

सदाफुली
दात येतायत. स्वच्छ फडका ओला करून फ्रीजरमध्ये ठेव आणि चघळायला दे, आपण समोर बसून. हाताला लागलं की खेळ लगेच थांबवायचा, ओरडायचं नाही. होतं कमी.

टिकली
थँक्यू ताई! फडका ठेवला आत्ताच.

चिमणचारा
लहान मुलं असलेल्या घरांसाठी एक गोष्ट, कळकळीने लिहितेय. कुत्रं चावायच्या आधी बहुतेक वेळा सांगतं, फक्त हळू आवाजात सांगतं. मूल गळ्यात पडलं की ओठांवरून पटकन जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, मान दुसरीकडे वळवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, अंग एकदम ताठ होणं. लोक म्हणतात "बघा कसा शांत बसून घेतो". तो शांत नसतो हो, तो विनवत असतो. त्या क्षणी मुलाला बाजूला घ्या. आणि गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नका. गुरगुर बंद केली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

पाऊसवेडी
चिमणचारा, हे भाचीला जसंच्या तसं पाठवते. तिच्याकडे दीड वर्षाचं बाळ आहे.

सावली
सगळं वाचतेय. आमचा शेरू गेल्या पावसाळ्यात गेला. शेवटी मोतीबिंदूमुळे त्याला काही दिसत नव्हतं, तरी आमचा आवाज आला की चेहरा बरोबर आमच्या चेहऱ्याच्या दिशेने करायचा आणि भुवया वर. दिसत नसताना. जास्त लिहवत नाही.

नीलमोहर
सावली, मिठी.

कोरा कागद
सावली, समजू शकतो.

दुर्बीण
सावली, वाईट वाटलं. तुम्ही भुवयांचं लिहिलंत म्हणून सांगतो. भुवईचा आतला कोपरा उचलणारा एक स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित असतो आणि लांडग्यांत जवळजवळ नसतोच, असं ज्युलियान कमिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलं. माणूस समोर बघत असेल तेव्हा कुत्री चेहऱ्याच्या हालचाली जास्त करतात, पाठमोरा असेल तर कमी, हेही त्यांच्याच गटाने आधी दाखवलं होतं. शेरूच्या भुवया तुमच्यासाठीच होत्या.

सावली
धन्यवाद. हे आईला वाचून दाखवलं.

रानवाट
एक प्रश्न. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यात बघू नये म्हणतात आणि इथे सगळे डोळ्यात बघा म्हणतायत?

चिमणचारा
दोन्ही बरोबर. अनोळखी कुत्र्याला रोखून बघणं म्हणजे आव्हान. किंचित आडवं उभं राहायचं, नजर जमिनीकडे. आपल्या माणसाशी असलेली नजर वेगळी. जपानमधल्या २०१५ च्या अभ्यासात एकमेकांकडे जास्त बघणाऱ्या कुत्रा-मालक जोड्यांत दोघांचंही ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढलं होतं. आई-बाळाच्या मायेत जे काम करतं, तेच. तुमचा फाटकावरचा तुमच्याकडे कसा बघतो?

रानवाट
आधी तिरका बघायचा. हल्ली सरळ बघतो, पण डोळे मिचकावत.

चिमणचारा
मग बरं चाललंय तुमचं. तुम्हीही सावकाश डोळे मिटा आणि नजर वळवा.

टिकली
नीलमोहर, रात्री अंधारात टिपरीला कसं बोलावता? आमच्या शेजारच्यांकडे बहिरं पिल्लू येतंय, त्यांना सांगायचंय.

नीलमोहर
टॉर्च. प्रकाश जमिनीवर दोनदा चमकवायचा, डोळ्यांवर कधीच नाही, आणि आली की लगेच खाऊ. आधी घरात शिकवायला सांगा, मग अंगणात. झोपेतून उठवताना अंगाला एकदम हात लावू नये, दचकतात. अंथरुणावर हलकं थोपटलं की हादरा कळतो आणि आपणहून डोळे उघडतात. बाकीचं त्यांना हवं असेल तर मला विचारू द्या, सगळं सांगते.