मुलाच्या गेममधला अनोळखी ‘मित्र’

प्रश्न (एक आई, मडगाव): रोज संध्याकाळी तेर्स (घरातली रोझरीची प्रार्थना) झाल्यावर आमचा १२ वर्षांचा मुलगा मोबाइलवर गेम खेळतो, परवा त्याच्या चॅटमध्ये एका अनोळखी माणसाने ‘आईला सांगू नकोस, एक फोटो पाठव’ असे लिहिलेले मी वाचले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मोबाइल काढून घ्यावा का?

उत्तर (एक वडील, म्हापसा): शिक्षा म्हणून काढून घेऊ नका, कारण मग मुले पुढच्या वेळी लपवतात. आधी स्क्रीनशॉट जपून ठेवा, मगच ते खाते ब्लॉक करा आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या (मुलांच्या मदतीच्या) क्रमांकावर किंवा पोलिसांकडे तक्रार करा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे.

उत्तर (धर्मशिक्षण वर्गाची शिक्षिका): कृपया त्याला पापाची भीती घालू नका, दोष त्या माणसाचा आहे, हे त्याला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

प्रश्नकर्ती: स्क्रीनशॉट घेतले आहेत. आज तेर्स झाल्यावर त्याच्याशेजारी बसून बोलते.