मदत हवी आहे : थ्रिलर लिहितेय, एका जागी अडलंय

मंडळी, घरातल्या कुणाच्याही हातात देता येईल अशी थ्रिलर लिहितेय, रक्तपात नाही, शिवीगाळ नाही. खूप वर्षं मूल न झालेलं जोडपं आयव्हीएफ करतं, मुलगी होते, आणि ती शाळेत जायला लागल्यावर आईला संशय येतो की भ्रूण असतानाच हिचे जीन्स बदललेत, तेही यांना न विचारता. हे हवेतलं नाहीये, २०१८ ला चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने क्रिस्पर (जीन कापून बदलायचं तंत्र) वापरून जुळ्या मुलींचा सीसीआर५ नावाचा जीन त्या भ्रूण असतानाच बदलल्याचं जाहीर केलं होतं, नंतर ३ वर्षांची शिक्षा पण झाली त्याला.

अडलंय ते हे की आईला पक्कं कळणार कसं? मोझेइसिझम असेल तर काही पेशींत बदल असतो काहींत नसतो, मग रक्ताचा रिपोर्ट एक आणि त्वचेचा दुसराच असं दाखवलं तर चालेल का? की मुद्दाम तोच जीन तपासायला लागतो? लॅबमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

आणि ज्या आयव्हीएफमधून गेल्यात त्यांना विचारायचंय, ट्रान्सफरनंतरचे (म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरचे) ते दोन आठवडे, टेस्टची पट्टी उजेडात धरून दुसरी रेघ शोधणं, हे मला खरं लिहायचंय, खोटी रडारड नको. मेसेज केलात तरी चालेल, नाव कुठेही येणार नाही.